अनुपानाचे पाणी : जार, बाटली आणि सोडा
(बारामती-इंदापूर परिसरातील वैद्य व औषधनिर्मात्यांच्या विचारार्थ)

औषधाचे नाव, मात्रा आणि काळ लिहून झाला की आपण चिठ्ठीच्या शेवटी 'कोमट पाण्याबरोबर' असे लिहितो आणि चिठ्ठी रुग्णाच्या हाती देतो. ते पाणी कोणते, हे मात्र सहसा विचारत नाही. एका पिढीपूर्वी ते विचारण्याची फारशी गरजही नव्हती. गावाचे पाणी एकच असे; पाटाचे, विहिरीचे किंवा नळाचे. वैद्याला गाव कळले की पाणी कळत असे. आज बारामती शहरात काय किंवा इंदापूर तालुक्यातील एखाद्या वाडीवर काय, एकाच घरात चार प्रकारचे पाणी नांदते. वापरायला बोअरचे, स्वयंपाकाला नळाचे, पिण्याला वीस लिटरच्या जारचे आणि प्रवासात बाटलीचे. जड जेवण झाले की वर सोडा असतोच. यांपैकी काय प्यावे हे ठरते ते बहुतांशी आवडीवर. 'आम्हाला जारचेच पाणी गोड लागते', 'बिसलेरीशिवाय पोट बिघडते', 'सोडा घेतल्याशिवाय अन्न जिरत नाही', ही वाक्ये आपल्या प्रत्येकाच्या चिकित्सालयात रोज ऐकू येतात.

या आवडीकडे जिभेचा लाड म्हणून दुर्लक्ष करू नये, असे आमचे मत आहे. पाण्याच्या आवडीमागे देश आहे, सात्म्य आहे आणि आता बाजारही आहे. या तिन्हींचा विचार करून रुग्णपरत्वे पाणी सांगणे हे वैद्याचेच काम आहे.

ग्रंथोक्त भेद आणि बाटलीवरील चिठ्ठी

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात, चरकसंहितेने सत्ताविसाव्या अध्यायात आणि वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या पाचव्या अध्यायात जलाचा विचार केला आहे. त्या सर्वांचा पाया एकच : पाण्याचे गुण त्याच्या उगमावर, भूमीवर, ऋतूवर आणि ते ठेवण्याच्या पात्रावर अवलंबून असतात. विहिरीचे पाणी सक्षार, पित्तकर परंतु दीपन व लघु. झऱ्याचे कफघ्न, दीपन व हृद्य. भूमी फोडून वर येणारे औद्भिद पाणी मधुर व पित्तशामक, असे सुश्रुतोक्त वर्णन आहे.

बाजारातील बाटलीलाही हाच प्रश्न विचारता येतो. भारतीय मानकांनुसार बाटलीबंद पाण्याचे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. 'नॅचरल मिनरल वॉटर' हे झऱ्याचे वा भूगर्भातील विशिष्ट उगमाचे पाणी. त्यातील खनिजांचे मूळ स्वरूप बदलायचे नसते. ते आपल्या प्रास्रवण किंवा औद्भिद जलाच्या जवळ जाते. दुसरा वर्ग 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर'. हे कोणत्याही उगमाचे असू शकते. बहुधा बोअरचे पाणी घेऊन त्यातील क्षार आर.ओ. यंत्राने काढतात, मग ते अतिनील किरण वा ओझोनने निर्जंतुक करतात. आपल्या दुकानांतून 'मिनरल वॉटर' या नावाने मागितली व दिली जाणारी बाटली जवळजवळ नेहमी या दुसऱ्या वर्गातील असते. रुग्णाला 'मिनरल वॉटर प्या' असे सांगताना हा भेद वैद्याच्या ध्यानात असला पाहिजे.

२९ मार्च २००१ पासून या दोन्ही वर्गांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन सक्तीचे झाले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती सक्ती काढली आणि नोव्हेंबरमध्ये बाटलीबंद पाण्याचा समावेश अतिजोखमीच्या अन्नवर्गात केला. म्हणून बाटलीवरील चौदा अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि पाण्याचा वर्ग या तीन गोष्टी वाचण्याची सवय आपण स्वतः लावून घ्यावी व रुग्णांनाही लावावी. उघड्या नळीतून भरून दिल्या जाणाऱ्या, सील नसलेल्या थंड पाण्याच्या जारवर यांतले काहीच नसते, हे वेगळे सांगावयास नको.

जांगल देशातील आनूप पाणी

आपला परिसर पर्जन्यछायेचा आहे. शास्त्रदृष्ट्या हा जांगल देश, आणि जांगल देशातील पाणी सुश्रुतांनी निर्दोष मानले आहे. मग बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात मचूळ, खारवट पाण्याची तक्रार एवढी का?

याचे उत्तर सव्वाशेहून अधिक वर्षांच्या सिंचनात आहे. १८८५ साली नीरा डावा कालवा वाहू लागला आणि या कोरड्या भूमीत बारमाही पाणी आले. ऊस आला, समृद्धी आली. त्याचबरोबर निचरा नसलेल्या काळ्या जमिनींतून क्षार वर येऊ लागले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवरील आपला अभ्यास १९१० सालीच प्रसिद्ध केला होता. म्हणजे चोपण जमिनींचा हा प्रश्न कालचा नाही. पुढे १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्याच्या उत्तर व पूर्व भागाला अथांग जलाशय लाभला. परंतु पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमेतून त्याच जलाशयात उतरते. पाण्याला हिरवा तवंग येतो, वास येतो. शैवालाने व्यापलेले, वर्ण-गंध बिघडलेले पाणी ग्रंथांनी व्यापन्न ठरविले आहे.

थोडक्यात, पर्जन्याने जांगल असलेल्या देशात सिंचनाने आनूप लक्षणे निर्माण झाली. येथील विहिरीचे पाणी ग्रंथातील कौप जल समजून त्याचे गुण जसेच्या तसे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे आहे. 'सक्षार' हा शब्द ज्या पाण्याला उद्देशून लिहिला गेला त्यात रासायनिक खतांतून झिरपलेला नायट्रेट नव्हता.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. 'पाणी उकळून प्या' हा आपला नित्याचा सल्ला जंतूंच्या बाबतीत उत्तम आहे. उकळल्याने पाण्याचा काही जडपणाही भांड्याच्या तळाशी पांढऱ्या खपलीच्या रूपाने बसतो. परंतु मीठ व नायट्रेट उकळून जात नाहीत. पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण उलट वाढते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मानकमर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तिच्यापेक्षा अधिक नायट्रेट असलेले पाणी उकळून सहा महिन्यांच्या आतील वरच्या दुधावरील बालकाला दिले तर ते हितकर ठरत नाही, त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. उसाच्या पट्ट्यातील विहिरीवर अवलंबून असलेल्या घरात तान्हे मूल असेल, तर पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्यास आपणच सांगितले पाहिजे.

जारचे पाणी गोड का लागते?

मचूळ पाण्याची सवय असलेल्या जिभेला क्षार काढलेले पाणी तुलनेने गोड लागते. या गोडव्यात मधुर रसाचे बृंहणत्व शोधू नये. तो खारटपणाचा अभाव आहे. ज्याने आयुष्यभर सह्याद्रीतील झऱ्याचे पाणी प्यायले, त्याला हेच जारचे पाणी सपक लागेल.

या पाण्याचे लाभ खरे आहेत. खारवट बोअरच्या पाण्यावर असलेल्या उच्च रक्तदाबाच्या वा शोथाच्या रुग्णाला क्षार कमी केलेले पाणी निश्चित बरे. पण यंत्र कसे लावले आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. पिण्याच्या पाण्यातील एकूण विद्राव्य क्षार, ज्याला सर्वजण टीडीएस म्हणतात, ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असे मानक सांगते. दुसरा उगम नसेल तर २००० पर्यंत चालवून घेते. काही ठिकाणी 'जितका टीडीएस कमी तितके पाणी शुद्ध' अशा समजुतीने तो वीस-पंचवीसवर आणला जातो. त्या पाण्यात चुना व मॅग्नेशियम नाममात्र उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पेयजलातील पोषकांविषयीच्या ग्रंथात अशा खनिजहीन पाण्याच्या दीर्घ सेवनाबद्दल सावधगिरी सुचविली आहे. दूध-भाजी बेताचीच खाणारे वृद्ध आणि गर्भिणी यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात घ्यावे.

गंमत अशी की, युरोपात पाण्याची किंमत त्यातील खनिजांवर ठरते. जर्मनीतील गेरोलस्टाइनरच्या एका लिटरमध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि तेथील ग्राहक ते आवडीने पितो. फ्रान्समधील व्हिशी सेलेस्टिनमध्ये सोडियम हजार मिलिग्रॅमहून अधिक आहे. आपल्या रक्तदाबाच्या रुग्णाला ते देता येणार नाही. पण ही माहिती तेथे बाटलीवर छापलेली असते आणि तीवरून निवड करता येते. तेथेही सारे आलबेल नाही. पेरिये व अन्य पाणी विकणाऱ्या नेस्ले कंपनीने आपल्या 'नैसर्गिक' पाण्यावर निषिद्ध प्रक्रिया केल्याची कबुली जानेवारी २०२४ मध्ये दिली. मोठे नाव म्हणजे निर्दोष जल, हे समीकरण कोणत्याच देशात खरे नाही.

पर्युषित जलाचा विचारही येथे करावा लागतो. उकळून गार केलेले पाणी रात्रभर ठेवल्यास ते त्रिदोषकर होते, असे वाग्भट सांगतो. बाटलीतले पाणी उकळलेले नसते, त्यामुळे ते वचन शब्दशः लागू होणार नाही. त्यातील व्यवहार मात्र लागू होतो. ओझोन थोड्याच वेळात विरून जातो आणि झाकण उघडल्यावर पाण्याचे रक्षण करणारे काही शिल्लक राहत नाही. चिकित्सालयाच्या प्रतीक्षागृहात आठवडाभर पालथा असलेला जार हा आपल्याच दारातील दोष होय.

सोडा : क्षार नव्हे, वायू

फसफसणाऱ्या पाण्याची आवड आपल्याकडे गोटी सोड्याने रुजविली. हायरम कॉड या इंग्रज कारागिराने १८७० च्या दशकाच्या आरंभी बनविलेली ती काचेची गोटी अडकवलेली बाटली तिच्या मायदेशी कधीच मागे पडली, आपल्याकडे अजून फुटते. सोडा म्हणजे पाण्यात दाबाखाली विरघळविलेला कार्बन डायऑक्साइड. काही उत्पादक त्यात सोडियम बायकार्बोनेटही मिसळतात. वायू विरघळल्याने पाणी किंचित अम्ल होते, म्हणून 'सोडा म्हणजे क्षार, तो अम्लपित्त मारतो' ही समजूत साध्या सोड्याला लागू पडत नाही.

सोडा प्यायल्यावर ढेकर येतो आणि हलके वाटते. परंतु बाहेर येतो तो बराचसा सोड्याचाच वायू. उद्गारशुद्धी हे जीर्णाहाराचे लक्षण आहे, पण बाटलीतून आत घातलेल्या वायूचा उद्गार ते लक्षण ठरू शकत नाही. आध्मानात ग्रंथांनी उष्णोदक सांगितले आहे आणि नेमके त्याच अवस्थेत रुग्ण बर्फगार सोडा घेतो. अम्लपित्त, आध्मान व ऊर्ध्वग वाताच्या रुग्णांस सोडा वर्ज्य सांगावा. त्यात मीठ-लिंबू घालण्याची सवय असल्यास रक्तदाबाच्या रुग्णासही. निरोगी माणसाने उन्हाळ्यात क्वचित साधा, बिनसाखरेचा सोडा घेतला तर त्याला अपथ्याच्या यादीत बसविण्याची घाई करू नये. साखरेच्या शीतपेयापेक्षा तो केव्हाही बरा.

काढा आणि औषधनिर्माण

औषधनिर्मात्यांना हा विषय अधिक जवळून स्पर्श करतो. क्वाथविधीत सोळापट पाणी घेऊन ते चतुर्थांश किंवा अष्टमांश आटवितात. मूळ पाण्याचा टीडीएस १५०० असेल, तर अष्टमांश काढ्यात न उडणारे क्षार आठपट होतात. चुन्याचा काही भाग तळाशी बसला तरी मीठ सारे काढ्यातच राहते. शिवाय पाण्यात लोह असेल तर त्रिफळा, अर्जुन, खदिर यांसारख्या कषायद्रव्यांचा काढा काळसर पडतो. एकाच पाठाच्या दोन घाण्यांचा रंग व साका वेगळा आला की आपण वनस्पतीवर संशय घेतो. कित्येकदा कारण पाण्यात असते, कारण एक घाणा पावसाळ्यातील पाण्याचा असतो व दुसरा एप्रिलमधील बोअरचा. २००० साली लागू झालेल्या 'शेड्यूल टी'नेही निर्मितीचे पाणी शुद्ध व पिण्यायोग्य असावे असे बंधन घातले आहे. प्रत्येक घाण्याच्या नोंदवहीत पाण्याचा उगम व टीडीएस लिहिण्यास एक ओळ पुरेशी आहे. घरी काढा करणाऱ्या रुग्णासही तो खारवट बोअरच्या पाण्यात न करता पिण्याच्या पाण्यात करण्यास सांगावे.

आमची निवड

वाचक विचारतील, मग तुम्ही स्वतः कोणते पाणी पिता? आमचा क्रम असा आहे. नळाला येणारे, तपासलेले पाणी वस्त्रगाळ करून, उकळून त्याच दिवशी संपविणे प्रथम. पाणी खारवट असेल तेथे आर.ओ.चे, पण टीडीएस अगदी न घटविता राखलेले. प्रवासात सीलबंद, अलीकडच्या तारखेची, उन्हात न ठेवलेली साधी बाटली. झऱ्याचे नैसर्गिक खनिजजल चवीला या सर्वांत सरस, परंतु रोजच्या अनुपानासाठी ते सांगणे रुग्णाच्या खिशाला अन्यायाचे. सोडा सर्वांत शेवटी, तोही भूक चांगली असताना. कोणास हा क्रम मान्य नसेल. प्रकृती व सात्म्याप्रमाणे तो बदललाच पाहिजे.

आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते तेव्हा आपल्यातील अनेकजण वाटेवर चिकित्सा करतात. वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो आणि वारकऱ्याच्या हातात मिळेल ते पाणी येते. अशा वेळी औषधांच्या खोक्याशेजारी उकळून कोमट ठेवलेल्या पाण्याचे एक पिंप, झाकण व तोटीसह, अवश्य असावे. अतिसाराच्या कितीतरी रुग्णांना चूर्णाच्या पुडीइतकाच त्याचा उपयोग होईल. आणि एरवी चिकित्सालयात नाडी पाहून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत : घरात पिण्याचे पाणी कोठून येते, ते किती दिवस साठते, आणि जेवणानंतर काय पिता? उत्तरे केसपेपरवर लिहून ठेवावीत. 'कोमट पाण्याबरोबर' या दोन शब्दांना त्यानंतरच नेमका अर्थ येतो.