फुकटच्या नकाशाशी स्पर्धा
ढाणकीत घर बांधायला काढलेला माणूस आधी मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री चौरस फुटाचा भाव सांगतो, नकाशा त्यातच फुकट. उमरखेड तालुक्यातल्या या नगरपंचायतीच्या गावात पाच वर्षांचं बी.आर्क. करून आलेल्या एखादीने पाटी लावली, तर तिची गाठ दुसऱ्या आर्किटेक्टशी नाही, या फुकटशी पडते.

कायद्याचा आधारही तोकडा. १९७२च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' हे बिरुद राखलं. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसताना ते लावणं गुन्हा. पण आराखडे काढायला इतरांना बंदी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्यात १९८९च्या आचारसंहितेनुसार स्वतःच्या सेवेची जाहिरात करायची नाही. चौकाचौकात फ्लेक्स लागणाऱ्या गावात हिचाच तेवढा लागणार नाही!

मग पोट भरायचं कशावर? माझ्या मते, काळ्या मातीवर. ही कापसाची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पायालाही हलवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग पुट्टीने बुजवली, तरी पुढच्या उन्हाळ्यात परत हजर. पाया मुरमापर्यंत नेणं, मुरूम फार खोल असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून वेगळा पाया घेणं, प्लिंथ बीम सलग बांधणं, घराभोवती उताराची फरशी करून पाणी लांब काढणं: हे खड्ड्याशी उभं राहून करून घेणारं माणूस मिस्त्रीच्या भावात मिळत नाही. विकायचं ते हे. नकाशा त्याचा एक कागद.

आता फी. २० लाखांच्या घराला ५ टक्के म्हणजे १ लाख. एवढा आकडा एकदम ऐकला की समोरचा चहा अर्धा टाकून उठतो. म्हणून टप्पे पाडावेत: परवानगीचा नकाशा, पाया, स्लॅब, प्लास्टर. सोयाबीन-कापसाचा पैसा हाती येतो तेव्हाचे हप्ते धरावेत. आणि हे सगळं लिहून घ्यावं. "ताई, आपल्यात कशाला कागद?" म्हणणाऱ्याकडून तर आधी. सिमेंट-सळईवाल्याचं कमिशन मात्र घेऊ नये. एकदा घेतलं की त्याची सळई परत पाठवता येत नाही.

एकट्या ढाणकीवर वर्ष निघणं कठीण. उमरखेड, पुसद, पैनगंगेपलीकडे हिमायतनगर, हदगाव एवढा टापू धरावाच लागतो. तिथे घरांबरोबर गोदामं, दुकानं, दवाखाने धरावेत. घर माणूस बहुधा एकदाच बांधतो. दवाखान्याला वाढीव खोली लागतच राहते, आणि डॉक्टर 'फी' या शब्दाला दचकत नाहीत.