गाडी खाली घेताना: कॉइलओव्हरचा हिशेब

या मालेत आपण रोजच्या वापरातलं एखादं यंत्र घेतो आणि त्यामागचा विचार उलगडून बघतो. आजचा विषय तरुण श्रोत्यांनी सुचवला आहे. गाडी खाली घ्यायची तर कॉइलओव्हर सस्पेन्शन कसं निवडायचं आणि बसवल्यावर ते कसं लावून घ्यायचं? तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांनी यावर काय बोलावं, असं कुणाला वाटेल. पण गॅरेजमध्ये या विषयावर जो गोंधळ ऐकू येतो, तो निम्मा तरी शब्दांचा असतो. 'खाली', 'कडक', 'टाइट' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांचे अर्थ वेगळे केले, की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. उरतात ते पैशांचे आणि रस्त्याचे.

बोलायला एक गाडी समोर ठेवू. फोक्सवॅगनची पोलो घ्या. आपल्या चाकणला बनायची, २०२२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. हिला पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर एकाच खांबावर. मागं टॉर्शन बीम आहे, तिथं स्प्रिंग वेगळी आणि डॅम्पर वेगळा. अशा मांडणीच्या कितीतरी गाड्या आपल्या रस्त्यांवर आहेत, त्यामुळं आजचं बोलणं एकाच गाडीपुरतं नाही. मात्र पुढं जे आकडे घेऊ, ते हिशेब समजण्यासाठी घेतलेले गोल आकडे आहेत, कंपनीच्या कागदावरचे नव्हेत.

तीन वस्तू, तीन कामं

कॉइलओव्हर म्हणजे शब्दशः डॅम्परभोवती बसवलेली कॉइल स्प्रिंग. त्या अर्थानं मूळ पोलोच्या पुढच्या बाजूलाही तेच आहे. फरक एवढाच, की मूळ स्ट्रटवर स्प्रिंगची खालची बैठक जागेवर पक्की असते. बाजारात जे कॉइलओव्हर म्हणून मिळतं, त्यात डॅम्परच्या अंगावर आटे पाडलेले असतात आणि ती बैठक, म्हणजे कॉलर, फिरवून वर-खाली करता येते. मागच्या बाजूला किटमध्ये बहुधा छोटी स्प्रिंग, तिच्याखाली उंची बदलणारा आट्यांचा तुकडा आणि स्वतंत्र डॅम्पर येतो.

आता कामं बघा. वजन पेलणं हे स्प्रिंगचं काम. किती दाबलं तर किती जोर परत मिळेल, एवढंच तिला कळतं. हा नियम रॉबर्ट हुकनं १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये उघड केला. डॅम्पर, ज्याला आपण शॉकअप म्हणतो, तो वजन पेलत नाही. त्याला फक्त वेग कळतो. हालचाल जितकी जलद, तितका त्याचा विरोध जास्त. गाडी उभी असली की तो जवळजवळ गप्प असतो. आणि कॉलर? ती फक्त जागा ठरवते.

इथं पहिला गैरसमज सुटतो. "कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते," असं सांगितलं जातं. साध्या, एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगच्या बाबतीत ते खरं नाही. गाडीचं वजन तेवढंच आहे, म्हणून स्प्रिंग तेवढीच दबणार. कॉलर वर घेतली तर गाडी वर येईल, बस. कडकपणा स्प्रिंगच्या तारेत, व्यासात आणि वेटोळ्यांच्या संख्येत असतो. तो नटानं बदलत नाही.

खाली घेणं म्हणजे खर्च करणं

आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा हा आहे. गाडी खाली घेतो तेव्हा आपण चाकाला वर यायला असलेली जागा खर्च करतो. बाकीचं सगळं ॲडजस्टमेंट म्हणजे त्या खर्चाची भरपाई.

हिशेब करू. पुढच्या एका चाकावर गाडीचं ३०० किलो वजन आहे. स्प्रिंग 'अडीच किलोची', म्हणजे एक मिलिमीटर दाबायला अडीच किलोचा भार लागतो. ३०० भागिले अडीच, म्हणजे १२० मिलिमीटर दबून गाडी स्थिर उभी राहते. तिथून बंप स्टॉपच्या रबराला टेकेपर्यंत चाकाला अजून ८० मिलिमीटर जागा आहे, असं धरा.

खड्ड्याच्या काठावर चाक आदळलं, की जो धक्का येतो तो स्प्रिंगला या ८० मिलिमीटरमध्ये जिरवायचा असतो. स्प्रिंग किती ऊर्जा साठवेल, हे कडकपणा गुणिले अंतराचा वर्ग या प्रमाणात ठरतं. हा 'वर्ग' लक्षात ठेवा. गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली तर जागा निम्मी झाली. तोच धक्का जिरवायला कडकपणा दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. अडीच किलोची स्प्रिंग दहा किलोची होते. गाडी फक्त २० मिलिमीटर खाली घेतली तर? जागा ६० उरली, कडकपणा पावणेदोन पटीच्या जरा वर, म्हणजे साधारण साडेचार किलो. वीस आणि चाळीसमध्ये डोळ्यांना जेमतेम एका बोटाचा फरक दिसतो. स्प्रिंगला मात्र तो साडेचार आणि दहा एवढा असतो.

हेच मागं बसणाऱ्याच्या पाठीच्या भाषेत मांडू. मूळ स्प्रिंगवर गाडीचं शरीर सेकंदाला जवळजवळ दीड वेळा हेलकावतं. साडेचार किलोवर हा आकडा जवळपास दोन होतो, दहा किलोवर तीनच्या जवळ जातो. दीडला माणूस डुलतो, तीनला हादरतो. प्रत्यक्षात डॅम्पर आणि बंप स्टॉपही धक्क्याचा वाटा उचलतात, त्यामुळं किट बनवणारे पूर्ण चौपट जात नाहीत. पण हिशेबाची दिशा हीच राहते. भरपाई न करता, म्हणजे मऊ स्प्रिंगवरच गाडी खूप खाली घेतली, तर चाक वारंवार बंप स्टॉपवर आपटतं. त्या क्षणी सस्पेन्शन जवळजवळ संपलेलं असतं. धक्का थेट बॉडीला बसतो आणि टायर रस्त्यावर नीट टेकलेला राहत नाही. पावसात वळणावर ब्रेक दाबताना असं झालं, तर तो आरामाचा प्रश्न उरत नाही, जिवाचा होतो.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना फसवते. गाडी जमिनीजवळ आली म्हणजे ती वळणावर कमी कलणारच, असं वाटतं. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडी खाली आली, की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं. त्यामुळं गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. दोघांमधलं अंतर, म्हणजे कलवणारी तरफ, वाढते. म्हणून नुसती खाली घेतलेली गाडी कधी कधी आधीपेक्षा जास्त कलू पाहते. कमी कलते ती कडक स्प्रिंगमुळं, खाली आल्यामुळं नव्हे.

निवडताना काय विचारायचं

दुकानात "किती खाली जाते?" हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी हे विचारा. पुढची आणि मागची स्प्रिंग किती किलोची आहे? तुम्हाला हव्या त्या उंचीवर डॅम्परचा प्रवास किती उरतो? बंप स्टॉप सोबत येतो का? डॅम्पर उघडून दुरुस्त होतो का, आणि सील इथं मिळतं का? या प्रश्नांना ज्याच्याकडं आकड्यांत उत्तर नाही, त्याच्याकडून वस्तू घेऊ नये.

कॉइलओव्हरमध्ये दोन प्रकार दिसतील. एकात उंची फक्त स्प्रिंगच्या कॉलरनं बदलते. कॉलर खाली घेतली की डॅम्परचा वरचा प्रवास तेवढा कमी होतो. दुसऱ्यात डॅम्परचं खालचं बूडच आट्यांवर फिरतं. तिथं डॅम्परचा प्रवास तसाच ठेवून गाडी खाली घेता येते. ऐकायला छान वाटतं, पण मडगार्ड आपल्याच जागी आहे! डॅम्परला जागा आहे आणि टायरला नाही, असं झालं तर बंप स्टॉपच्या आधी टायर मडगार्डला लागतो. खर्च टळला नाही, फक्त दुसऱ्या खात्यावर गेला.

आपल्याकडं पावसाळा हाही निकष आहे. आट्यांत चिखल बसतो, कोकणात खारी हवा असते, आणि वर्षभरानं कॉलर जागची हलत नाही. आटे घासून स्वच्छ ठेवणं आणि त्यांना गंजरोधक लावणं हे नियमित काम आहे, असं धरूनच खरेदी करावी.

बसवल्यावर उंची कशी लावायची

सपाट जमीन, टायरमध्ये योग्य हवा, ड्रायव्हरच्या जागी ड्रायव्हरएवढं वजन. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत चारही ठिकाणी मोजा. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजायची नाही. चार पावलं पुढं-मागं ढकलून तिला बसू द्यायचं, मग मोजायचं.

एकाच कोपऱ्याची कॉलर फिरवली तर फक्त तो कोपरा बदलत नाही. डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या एका पायाखाली घडी घातली, की तो पाय आणि त्याच्या तिरका समोरचा पाय भार घेतात, उरलेले दोन हलके होतात. गाडीचंही तसंच आहे. तेव्हा डावी-उजवी कॉलर समान ठेवून सुरुवात करा आणि थोडं थोडं बदला. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट करून घ्यायचंच, कारण उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात आणि टायर आतल्या कडेनं झिजू लागतो. हेडलाइटचा झोतही तपासा.

नॉब आणि मध्यममार्ग

डॅम्परवर नॉब असेल, तर आधी तो हळुवारपणे पूर्ण कडक बाजूला न्या आणि तिथून मागं क्लिक मोजा. आकडा वहीत लिहा. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवा.

बरेच जण विचारतात, ३२ क्लिक असतील तर १६ वर ठेवू का? ॲरिस्टॉटलनं मध्यममार्ग सांगितला, पण लगेच हेही बजावलं, की दहा जास्त आणि दोन कमी म्हणून सहा प्रत्येकाला योग्य, असं नाही. पैलवानाचा आहार वेगळा, नवशिक्याचा वेगळा. नॉबचंही तेच आहे. मध्यापासून सुरुवात करा, पण तिथं थांबू नका. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत राहिली, तर डॅम्पर मऊ आहे. उलट, रंबलरच्या पट्ट्यांवर गाडी खाली खाली बसत गेल्यासारखी वाटली, तर तो चाकाला परत खाली यायला वेळच देत नाही, म्हणजे फार कडक आहे.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आपल्या न्यायपरंपरेत याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असताना कार्य दिसलं पाहिजे, कारण काढल्यावर ते गेलं पाहिजे. टायरची हवा, नॉब आणि उंची एकाच दिवशी बदलली, तर फरक पडेल, पण कशामुळं पडला ते कधीच कळणार नाही. तोच रस्ता, तोच वेग, एक बदल.

रस्ता आणि कायदा

इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनेप्रमाणं गोलसर स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. पोलोच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे अडीच मीटर. म्हणजे मधला उंचवटा पोटाखाली असताना चाकंही चढावरच असतात, आणि गाडीच्या पोटाखालून साधारण साडेचार सेंटिमीटरच कमी होतात. पोलोचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटरच्या आसपास. चाळीस खाली घेतली तरी असा स्पीडब्रेकर सहज निघतो. अडतो तो गल्लीतला अरुंद, हातानं घातलेला. तिथं पूर्ण १० सेंटिमीटर पोटाखाली येतात, आणि १२५ मधून १०० गेले की २५ मिलिमीटर उरतात. त्यात चार माणसं बसली की चेंबर घासलाच म्हणून समजा. तेव्हा गाडी किती खाली घ्यायची, याचं उत्तर तुमच्या घराच्या गल्लीत आहे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या एका प्रकरणात या कलमावर बोट ठेवलं. काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना लेखी विचारा.

दोन प्रश्न आले आहेत, ते घेऊ.

प्रश्न: कॉइलओव्हर परवडत नाही. मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली घेतली तर?

नको. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग थोडी कडक होते, पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक लोंबकळलं की ती सैल होऊन जागा सोडू शकते. परवडत नसेल तर गाडी आहे तशी चांगली आहे.

प्रश्न: गाडी ४० मिलिमीटर खाली आहे. आई मागं बसायला तयार नाही. नॉब सगळ्यात मऊ केला, तरी काही फरक नाही.

नॉबकडून उंचीचं काम होणार नाही. मागच्या डॅम्परच्या दांड्यावर, रबरी आवरण असेल तर ते वर सरकवून, प्लास्टिकचा केबल टाय बांधा. सरकेल पण आपोआप घसरणार नाही, इतपतच आवळा. दांड्यावर ओरखडा पडता कामा नये. तो खाली सीलपर्यंत सरकवा आणि आईच्या वजनाचं सामान ठेवून नेहमीच्या रस्त्यानं एक फेरी मारा. टाय बंप स्टॉपला जाऊन भिडला असेल, तर धक्का डॅम्परचा नाही, संपलेल्या जागेचा आहे. मागची उंची १५-२० मिलिमीटर वाढवा, पुढचीही त्याच बेतानं, मग नॉब मधे आणा आणि पुन्हा तीच फेरी मारा. गाडी थोडी उंच दिसेल, पण आई गाडीत बसेल. अलाइनमेंट पुन्हा करून घ्यायला विसरू नका.

वेळ संपली. पुढच्या व्याख्यानात ब्रेक घेऊ.