शिवराई कुणाच्या काळाची?
आचऱ्यात कुणाच्या देवघरात तांब्याची शिवराई निघाली, की आपण लगेच म्हणतो, महाराजांच्या काळातली! एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति'. मग शंका कसली? पण जरा थांबूया. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेलं हे नाणं पेशवाईतही त्याच मजकुराने पाडलं जायचं, कारण कारभार पेशव्यांचा असला तरी राज्य छत्रपतींचं. म्हणून आम्ही आधी अक्षरांचं वळण, वेलांटी, वजन पाहतो. चिनी कम्युनिस्टांनी १९३१ साली आपलं सोव्हिएत प्रजासत्ताक स्थापलं, तेव्हा त्यांनीही विळा-हातोडा तांब्यावर उमटवला. नवी सत्ता गरिबाच्या मुठीत पोचते ती तांब्यातून, सोन्यातून नव्हे! आणि हो, शिवराई चिंचेने घासू नका. अक्षरं झिजली की काळ ठरवायचा कशावरून?