अर्जाची गाळणी

अटलांटा किंवा शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीत शाळा सुटल्यावर मुलांचा अभ्यास घेणारी एखादी छोटी संस्था डोळ्यांसमोर आणावी. संचालिका तीच, हिशेबनीस तीच, कुलपाच्या चाव्याही तिच्याच पर्समध्ये. मुलं घरी गेली की ती लॅपटॉप उघडते आणि एखाद्या मोठ्या फाउंडेशनचा अनुदानाचा अर्ज भरायला घेते. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद जोडा. उद्या देणग्या थांबल्या तर किती महिने तग धराल? संचालक मंडळातल्या किती जणांनी स्वतः पैसे दिले? अपेक्षित परिणामांचा तक्ता भरा. मोजमाप कसं करणार तेही लिहा.

यातला एकही प्रश्न वंशाबद्दल नाही. एकेक सुटा वाचला तर रास्तच वाटतो. पैसे देणाऱ्याने चौकशी करायची नाही तर कुणी करायची? पण हे सगळे प्रश्न एकावर एक बसले की त्यांची गाळणी होते. ऑडिटला हजारो डॉलर लागतात. मंडळावर बसचालक, शिक्षिका, चर्चचे पाद्री असतील तर ते सुट्टीच्या दिवशी राबतात, पण मोठा चेक फाडू शकत नाहीत. आणि गंगाजळी साठते ती आधी कुणीतरी मोकळ्या हाताने पैसे दिलेले असतील तरच. जे आजवर मिळालं नाही, नेमका त्याचाच पुरावा मागितला जातो.

अर्जापर्यंत पोचणं हीसुद्धा एक परीक्षाच. अनेक खासगी फाउंडेशन न मागवलेले प्रस्ताव घेतच नाहीत. तिथल्या प्रोग्रॅम ऑफिसरला संस्थेचं नाव कुणाकडून तरी कळावं लागतं आणि हे ‘कुणीतरी’ बहुतेकदा त्याच्याच कॉलेजातलं, त्याच्याच परिषदांना हजेरी लावणारं असतं.

या गाळणीतून काय होतं, ते 2020 साली एकोइंग ग्रीन आणि ब्रिजस्पॅन या संस्थांनी आकड्यांत मांडलं. एकोइंग ग्रीन नव्या सामाजिक उपक्रमांना सुरुवातीचं भांडवल देते. तिच्याकडे आलेल्या सर्वांत सरस अर्जदारांचीच तुलना केली, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या नेतृत्वाखालील संस्थांचं उत्पन्न गोऱ्यांच्या संस्थांपेक्षा 24 टक्क्यांनी कमी निघालं. खर्चाचं बंधन नसलेल्या मालमत्तेत मात्र ही तफावत तब्बल 76 टक्के होती. म्हणजे पैसे मिळाले तरी ते ‘अमुक कामालाच’ या अटीने मिळाले. भाडं, हिशेबनिसाचा पगार किंवा अडीअडचण यांच्यासाठी हातात काही उरलं नाही. मूलनिवासी समाजांची स्थिती याहून बिकट. अमेरिकेच्या लोकसंख्येत ते सुमारे 2 टक्के आहेत. मोठ्या फाउंडेशनांच्या वार्षिक निधीतला त्यांचा वाटा सरासरी 0.4 टक्के असल्याचं 2019च्या एका अहवालात दिसलं.

ज्यांना कमी मिळतं त्यांच्यावरच भार टाकण्याच्या या प्रकाराची पाळंमुळं जुनी आहेत आणि ती चांगल्या कामातही सापडतात. सीअर्स कंपनीचे प्रमुख जूलियस रोझेनवाल्ड आणि टस्कीगी शिक्षणसंस्थेचे कृष्णवर्णीय प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 1912पासून दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधायला घेतल्या. 1932पर्यंत 15 राज्यांत सुमारे 5,000 शाळा उभ्या राहिल्या. रोझेनवाल्डची अट अशी की, गावानेही वाटा उचलायचा. कुणी लाकूड दिलं, कुणी अंगमेहनत केली, कुठे शाळेच्या नावाने कापसाचा तुकडा पेरून त्याचे पैसे जमा केले. अखेरीस कृष्णवर्णीय समाजाची वर्गणी 40 लाख डॉलरांच्या वर गेली. रोझेनवाल्डच्या देणगीपेक्षाही ती थोडी जास्तच भरली. हीच माणसं कर भरत होती आणि त्या करातला मोठा हिस्सा गोऱ्यांच्या शाळांवर खर्च होत होता. एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले.

आजच्या सरकारी अनुदानांत हा भार वेगळ्या वाटेने येतो. कित्येक अनुदानं आधी खर्च करा, मग बिल पाठवा, अशा पद्धतीची असतात. पगार दर पंधरवड्याला द्यायचा आणि परतावा काही महिन्यांनी यायचा. बँकेत शिल्लक असलेली संस्था हे निभावून नेते, नसलेली अर्जच करत नाही. भाडं, वीज, हिशेब यांसारख्या खर्चापोटी अमेरिकेचं केंद्र सरकार जो किमान सरसकट दर मान्य करतं, तो वर्षानुवर्षं 10 टक्के होता. ऑक्टोबर 2024पासून तो 15 टक्के झाला.

फाउंडेशनांनीही कामाची रीत बदलून पाहिली. फोर्ड फाउंडेशनने 2016मध्ये ‘बिल्ड’ हा 100 कोटी डॉलरांचा कार्यक्रम सुरू केला: पाच वर्षांची हमी, खर्चाची मोकळीक आणि संस्थेच्या बांधणीसाठी पैसे. मे 2020मध्ये मिनियापोलिसात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाची पोलिसाच्या हातून हत्या झाल्यावर वांशिक न्यायाच्या घोषणांचा पूर आला. त्यात अब्जाधीश दात्या मॅकेन्झी स्कॉट यांची तऱ्हा निराळी ठरली. त्यांच्या सल्लागारांनी 6,490 संस्थांची माहिती चाळली. भूक, गरिबी आणि वांशिक विषमता जास्त, पण देणग्या कमी पोचतात अशा ठिकाणांवर त्यांनी भर दिला. मग चार महिन्यांत 384 संस्थांना सुमारे 416 कोटी डॉलर दिले. अर्ज नाही, अट नाही, रक्कम एकरकमी. त्यात प्रेअरी व्ह्यू ए अँड एम या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाला 5 कोटी डॉलर मिळाले.



वंशाचा निकष उघडपणे लावणाऱ्यांपुढे मात्र कोर्ट उभं राहिलं. अटलांटाच्या फिअरलेस फंडाचं फाउंडेशन कृष्णवर्णीय स्त्रियांच्या छोट्या उद्योगांना 20,000 डॉलरांचं अनुदान देत असे. ऑगस्ट 2023मध्ये वंशाच्या निकषांना विरोध करणाऱ्या एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेने खटला भरला. आधार घेतला तो गुलामगिरीतून सुटलेल्यांना करार करण्याचा समान हक्क देणाऱ्या 1866च्या कायद्याचा! जून 2024मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी अनुदान थांबवलं आणि सप्टेंबरात तडजोड होऊन ते कायमचं बंद झालं. त्या धसक्याने काही दात्यांनी निकषांतून वंशाचा उल्लेख काढून वस्ती आणि उत्पन्न यांवर भर दिला.

अर्जाची पद्धत बदलायला मात्र वंशाचा निकष लागत नाही. स्कॉट यांनी 2023मध्ये खुला अर्ज मागवला, तेव्हा 6,353 संस्था पुढे आल्या आणि पहिल्या फेरीत अर्जदारांनीच एकमेकांच्या अर्जांना गुण दिले. परिणामांच्या तक्त्यापेक्षा वस्तीतलं काम ओळखणारा परीक्षक त्यातून मिळाला. मार्च 2024मध्ये 361 संस्थांना 64 कोटी डॉलर जाहीर झाले. ठरवलं होतं 250 संस्थांना 25 कोटी द्यायचं.

तरीही तिथे एक उंबरठा होताच: वार्षिक खर्च किमान 10 लाख डॉलर हवा. त्याहून लहान संस्थांचा भरवसा स्थानिक दात्यांवर. त्यांच्यातल्या काहींनी आता दुसऱ्या फाउंडेशनसाठी केलेलाच अर्ज चालवून घ्यायला आणि वीस पानी अहवालाऐवजी फोनवर विचारपूस करायला सुरुवात केली आहे.