आंबील विकताना घ्यावयाची काळजी

चैत्र-वैशाखाच्या उन्हात ज्वारीची आंबील हे मराठवाड्यातील शेतकऱ्याचे आवडते पेय होय. आता ती बाजारात विकतही मिळते. जिंतूरसारख्या ज्वारी पिकविणाऱ्या तालुक्यात या धंद्यापासून शेतकरी भगिनींस चार पैसे मिळू शकतात. परंतु घरी ताजी प्यालेली आंबील आणि हातगाडीवर दिवसभर ठेवलेली आंबील यांत मोठे अंतर आहे.

ज्वारीचे पीठ ताकात भिजवून रात्रभर ठेविले असता त्यातील उपयुक्त जंतू दुग्धाम्ल तयार करतात. हा आंबटपणा म्हणजे पिकाभोवतीचे कुंपणच होय. रोगजंतूंची वाढ त्यामुळे रोखली जाते. पुढे पीठ चांगले शिजविल्याने बहुतेक जंतू मरतात. दोष शिरतो तो त्यानंतर. पातळ करण्यासाठी घातलेले अशुद्ध पाणी, बर्फ, भांड्यात बुडविलेला हात आणि एकाच बादलीत विसळलेले पेले यांतून जंतू आत येतात. शिवाय पाण्याने आंबटपणा कमी होतो व कुंपणास खिंडार पडते.

विष्ठेवाटे पाण्यात मिसळणारा ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने एका जंतूचे ६ तासांत अडीच लाखांहून अधिक जंतू होतात. तरीही वास वा चव बदलेलच असे नाही. जखमेतील स्टॅफिलोकॉकस जंतूंनी केलेले विष तर पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून उरलेली आंबील उकळून विकणे हा उपाय नव्हे.

विक्रेत्यांनी पुढील नियम पाळावेत :

(१) पातळ करण्यासाठी उकळून गार केलेले पाणीच वापरावे. ताक तापविलेल्या दुधाचे असावे.

(२) बर्फ आंबिलीत घालू नये, भांड्याभोवती ठेवावा. अखाद्य बर्फास निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे.

(३) भांडे झाकलेले असावे. आंबील लांब दांड्याच्या पळीने वाढावी.

(४) हात साबणाने धुवावेत. जुलाब होत असलेल्या किंवा हातास जखम असलेल्या व्यक्तीने आंबील करू वा वाढू नये.

(५) थोडी थोडी करून आणावी; शिळी विकू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी केवळ दोष दाखवून थांबू नये. स्वच्छ पाणी कोठे मिळेल हे विक्रेत्यांस सांगावे व एकदा समक्ष कृती करून दाखवावी.

एवढे करूनही कोणास जुलाब झाल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते वरचेवर पाजावे. यासाठी चहाचा चमचा वापरावा. जुलाबात रक्त पडल्यास, लघवी कमी झाल्यास किंवा मूल मलूल झाल्यास विलंब न करता आरोग्य केंद्रात न्यावे. पेरणीच्या तोंडावर अंथरूण धरलेल्या माणसाचा हंगाम हातचा जातो; लहान मुलाच्या बाबतीत तर प्राणाशीच गाठ असते.