नाटकवेडा चालतो, मग 'वेडा' का झोंबतो?

दिवाळी झाली की गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजला, म्हणजे वडशाला, नाटक मंडळांची लगबग सुरू होते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या झाडीपट्टीत होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. लोक तिकीट काढून, घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. इथल्या माणसाला 'नाटकवेडा' म्हटलं तर तो खूशच होईल. नुसतं 'वेडा' म्हणून बघा!

फरक आहे तो एका शब्दाचा. 'त्याला नाटकाचं वेड लागलं' हे कौतुक. 'नाटकाचं' काढून टाका, उरतं ते 'त्याला वेड लागलं', म्हणजे आजार. कशाचं वेड ते सांगितलं की त्याची आवड होते, सांगितलं नाही की माणसावर शिक्का बसतो. 'नाद' तेवढा उदार नाही. दारूचा नाद, जुगाराचा नाद. गाण्याचा नाद म्हटलं तरी घरचे कपाळाला आठ्या घालतात. 'खूळ' तर डोक्यात शिरतं आणि चार दिवसांनी निघूनही जातं.

जुन्या मराठीत याच अर्थाचा 'पिसा' होता. संतांच्या रचनांत देवाचं पिसं लागतं. आज तो मुख्यतः 'वेडापिसा' या जोडीत आणि पिसाळलेल्या कुत्र्यात उरला आहे. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' म्हणजे मात्र सगळं कळत असून न कळल्याचं सोंग. तिथे वेडा तोच सर्वांत शहाणा.

गंमत संपते ती खऱ्या आजाराशी. 1912 च्या इंग्रजी कायद्याच्या नावातच 'लुनसी', म्हणजे वेड, होतं. 2017 चा कायदा 'मानसिक आजार' म्हणतो. गावातली बोली अजून तिथवर पोचलेली नाही. पोराला 'वेड लागलं' असं एकदा ठरलं की घरचे ते लपवतात, देवऋषी गाठतात आणि डॉक्टर राहून जातो. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला लोक सर्रास 'पागलखाना' म्हणतात. गडचिरोलीहून तिथवरचं अंतर सुमारे 170 किलोमीटर, पण त्या नावाने ते आणखी लांब जातं. पहिली विचारपूस घरबसल्या करता येते: सरकारच्या टेलिमानस सेवेचा मोफत क्रमांक आहे 14416, आणि तिथे मराठीत बोलता येतं.