जुन्या संगणकातील कार्डांचा परस्परविरोध व त्याचे निवारण

बेळगाव-निपाणी परिसरात मराठी व कन्नड या दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात. शाळेचा पट असो, सहकारी संस्थेची सभासद-यादी असो की पेठेतील खातेवही असो, एकच नाव दोन लिप्यांत लिहिण्याचा प्रसंग येथे वारंवार येतो. आरंभीच्या संगणकांना केवळ रोमन अक्षरे येत असल्यामुळे ही गरज त्यांच्याकडून भागत नव्हती. कानपूरच्या आयआयटीमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांविषयीचे संशोधन पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत विकसित झाले. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. या संशोधनातून तयार झालेले ‘जिस्ट’ कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये बसविले की, डॉसवर चालणाऱ्या सर्वसाधारण प्रोग्रॅममध्येही देवनागरी, कन्नड व इतर भारतीय लिप्यांत काम करता येई.

या सोयीच्या मुळाशी ‘इस्की’ ही सांकेतिक पद्धती होती. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. या पद्धतीत ‘क’ या वर्णाला १७९ हा क्रमांक आहे. मग तो देवनागरीतील असो वा कन्नडमधील. त्यामुळे एकदा भरलेली यादी लिपी बदलून पडद्यावर पाहता येई. सीमाभागाच्या दृष्टीने या गोष्टीचे महत्त्व सहज ध्यानात येईल.

अशी यंत्रे आता नित्याच्या कामातून गेली आहेत. तथापि, एखाद्या कार्यालयात वा शाळेत असे यंत्र अडगळीत पडलेले असेल, तर त्यातील नोंदी अन्यत्र असतीलच असे नाही. ते सुरू करताना पुष्कळदा अडचण येते आणि ‘कार्ड जळाले’ असा निष्कर्ष काढून यंत्र भंगारात दिले जाते. वस्तुतः अनेकदा कार्ड शाबूत असते. दोन कार्डांनी एकाच साधनावर हक्क सांगितल्यामुळे यंत्र अडलेले असते.

विरोध कशामुळे होतो?

संगणकात बसविलेल्या प्रत्येक कार्डाला मुख्यत्वे दोन गोष्टी लागतात. पहिली गोष्ट म्हणजे पत्ता. मुख्य प्रक्रियक त्या पत्त्यावर कार्डाशी देवघेव करतो. एका गल्लीत दोन घरांना एकच क्रमांक दिला, तर टपाल कोणाकडे जाईल याचा भरवसा राहत नाही. तसाच प्रकार येथे होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे इंटरप्ट, म्हणजेच प्रक्रियकाचे लक्ष वेधून घेण्याची तार. तिला आयआरक्यू असे म्हणतात. दोन खोल्यांतून एकाच घंटेची दोरी ओढली जाऊ लागली, तर घंटा वाजते. परंतु कोणी बोलाविले हे शिपायाला कळत नाही. १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्ये अशा ८ तारा होत्या. १९८४ सालच्या पीसी-एटीमध्ये त्या १६ झाल्या. त्यांपैकी बहुतेक आधीच वाटून दिलेल्या असतात. एटी जातीच्या यंत्रातील सर्वसाधारण वाटणी अशी :

० – घड्याळ. १ – कीबोर्ड. २ – दोन नियंत्रकांची आपसांतील जोडणी. ३ – कॉम २ व कॉम ४. ४ – कॉम १ व कॉम ३. ५ – दुसरा प्रिंटर. ६ – फ्लॉपी. ७ – पहिला प्रिंटर. ८ – तारीख-वेळ. १३ – गणिती सहप्रक्रियक. १४ – हार्ड डिस्क.

काही कार्डांना याखेरीज डीएमए ही वाहिनी किंवा स्मृतीतील राखीव जागाही लागते. तेथेही असाच विरोध संभवतो.

लक्षणे

प्रत्येक कार्ड एकटे असताना नीट चालते व दुसरे बसविताच बिघडते, हे विरोधाचे प्रमुख लक्षण होय. उदाहरणार्थ, माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असेल, तर दोहोंची तार ४ हीच असते. परिणामी मोडेमने क्रमांक फिरविताच माउस थिजतो. एनई-२००० जातीचे नेटवर्क कार्ड बहुधा ३ या तारेवर ठेवलेले असे. कॉम २ चालू असेल, तर तेथेही असाच पेच पडतो. याउलट, कार्ड एकटे बसवूनही चालत नसेल, तर दोष अन्यत्र शोधावा.

निवारणाचा क्रम

१. यंत्र सुरू होत असेल, तर प्रथम सर्व नोंदींची प्रत घ्यावी. सेटअपमध्ये हार्ड डिस्कचा जो प्रकार व जे आकडे नोंदलेले असतील, ते कागदावर उतरवून घ्यावेत. मदरबोर्डवरील बॅटरी संपली की हे आकडे पुसले जातात आणि सुस्थितीतील डिस्कही यंत्राला दिसेनाशी होते.

२. यंत्र बंद करून प्लग काढावा. पेटीच्या धातूच्या भागाला हात लावून अंगावरील स्थिरविद्युत घालवावी. वीजपुरवठ्याची पेटी व मॉनिटर मात्र उघडू नयेत. प्लग काढल्यावरही त्यांत धोकादायक दाब शिल्लक असू शकतो.

३. कोणते कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे, पडद्याची केबल कोणत्या कार्डाला आहे आणि प्रत्येक जंपर कोठे आहे, याचे चित्र काढून ठेवावे.

४. पावसाळी दमट हवेने कार्डांच्या संपर्कपट्ट्यांवर मळ चढतो. मऊ खोडरबराने त्या पुसून, कण झटकून कार्ड पुन्हा घट्ट बसवावे. कित्येकदा एवढ्यानेच काम भागते.

५. दोष राहिल्यास पडद्याचे व डिस्कचे कार्ड तेवढे ठेवून बाकीची काढावीत. यंत्र नीट सुरू झाले की एकेक कार्ड बसवून पाहावे. ज्या कार्डाबरोबर दोष परत येतो, ते विरोधातील एक पक्ष समजावे.

६. प्रत्येक कार्डाचा पत्ता, तार व वाहिनी यांचा तक्ता करावा. एमएस-डॉस ६ बरोबर येणारा एमएसडी हा प्रोग्रॅम यासाठी उपयोगी पडतो. परंतु त्याला सर्वच कार्डे ओळखता येत नाहीत. म्हणून जंपरवरून खात्री करून घ्यावी.

७. तक्त्यात जी तार मोकळी दिसेल, तिच्यावर एक कार्ड न्यावे. उदाहरणार्थ, दुसरा प्रिंटर व ध्वनिकार्ड नसेल, तर नेटवर्क कार्ड ३ वरून ५ वर नेता येते. एका वेळी एकच बदल करावा व त्याची नोंद ठेवावी.

८. जंपर बदलल्यावर त्या कार्डाच्या प्रोग्रॅमलाही नवी तार कळवावी. ही गोष्ट राहून गेल्यास दुरुस्ती बरोबर असूनही कार्ड मुके राहते.

१९९५ सालच्या विंडोज ९५ पासून यंत्र स्वतःच ही वाटणी करू लागले. तेथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये विरोधातील कार्डावर पिवळे उद्गारचिन्ह दिसते. अशा यंत्रात जंपरचे जुने कार्ड बसवायचे असल्यास त्याची तार सेटअपमध्ये आधी राखून ठेवावी.

नोंदींचे पुढे काय करावे?

यंत्र चालू झाले म्हणजे काम संपले असे नाही. इस्कीतील मजकूर नव्या संगणकावर तसाच उघडल्यास निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसतात. यावरून मजकूर नष्ट झाला असे समजू नये. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतो. युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरच आधारलेली असल्याने हे काम पद्धतशीरपणे होऊ शकते. मात्र, युनिकोडमध्ये देवनागरी व कन्नड यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. म्हणून कोणती यादी कोणत्या लिपीत हवी, हे आधी ठरवावे. प्रथम थोड्या नावांवर प्रयोग करून, जोडाक्षरे व रफार मूळ छापील यादीशी ताडून पाहावेत आणि मगच संपूर्ण यादी हाती घ्यावी.

तयार केलेला तक्ता पेटीच्या आतील बाजूस चिकटवून ठेवावा व त्याची एक प्रत कार्यालयाच्या दप्तरी ठेवावी. मुख्याध्यापकांनी व कार्यालयप्रमुखांनी जुने यंत्र निर्लेखित करण्यापूर्वी त्यातील नोंदी बाहेर काढल्याची खात्री करून घ्यावी. यंत्राला पुन्हा किंमत येणार नाही. परंतु त्यातील एखाद्या नावावरून कोणाचा तरी शाळेचा दाखला किंवा सभासदत्व सिद्ध व्हायचे असते.